मद्रासची पहिली फेरी: एक तिसरा क्रमांक, एक अकरावा क्रमांक आणि टाकीतला फोम

आमच्या शर्यतीच्या मोटरसायकलच्या ज्या बिघाडाने गेल्या चार नोंदींपासून मला स्वस्थ बसू दिले नाही, त्याचे मूळ अखेर सापडले आहे. मात्र ते सापडेपर्यंत हंगामाची पहिली शर्यत हातची गेली होती. निकाल आधी सांगतो. राष्ट्रीय मोटरसायकल रेसिंग अजिंक्यपद स्पर्धेच्या पहिल्या फेरीत मुलींच्या गटात साताऱ्याच्या आपल्या रायडरने तिसरा क्रमांक मिळवला, आणि आपल्या छोट्या संघाचा हा पहिलाच पोडियम आहे. प्रो-स्टॉक १६५ (१६५ सीसीपर्यंतच्या गाड्यांच्या) गटात इचलकरंजीचा आपला रायडर शनिवारच्या शर्यतीत अकरावा आणि रविवारच्या शर्यतीत सहावा आला. एकाच मुलाने, एकाच गाडीवर, एका रात्रीच्या अंतराने ही दोन स्थाने कशी घेतली, हेच आज सविस्तर सांगायचे आहे.

ज्यांनी मागच्या नोंदी वाचल्या आहेत त्यांना बिघाडाचे लक्षण आठवत असेल. दोन्ही गाड्या यामाहाच्या आर१५ आहेत, १५५ सीसीच्या, आणि मुलाच्या गाडीचे इंजिन आम्ही हिवाळ्यात नियमांत बसेल तेवढे उघडून नीट जुळवले होते. पहिल्या तीन-चार लॅपमध्ये ही गाडी निर्दोष धावे, व्हीव्हीएचा (इंजिनाच्या फेऱ्यांनुसार व्हॉल्व्हची उघडझाप बदलणाऱ्या यंत्रणेचा) सांधा ७४०० आरपीएमला इतका अलगद ओलांडे की कानाला कळूही नये, आणि मग चौथ्या किंवा पाचव्या लॅपमध्ये लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी, ९००० आरपीएमच्या वर, इंजिन एकदम दम सोडल्यासारखे मंदावे. थ्रॉटल किंचित मिटला की पुन्हा सावरे. पिटमध्ये आणून दहा मिनिटे उभी केली की दोष नाहीसा होई. फेब्रुवारीत मी इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी वीज पुरवणारी) गरम होत असल्याचे ठामपणे लिहिले होते आणि मार्चमध्ये ईसीयूच्या (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाच्या) मॅपवर बोट ठेवले होते. ती दोन्ही निदाने चुकीची होती. ज्यांनी माझे वाचून कॉइल बदलली असेल, त्यांची मी मनापासून क्षमा मागतो.

डायनोने (गाडी जागच्या जागी चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्राने) आम्हाला मदत करण्याऐवजी चकवले, हे आता स्पष्ट दिसते. पुण्याच्या डायनोवर आम्ही तीन वेळा गेलो आणि तिन्ही वेळा आलेख गुळगुळीत आला, कारण डायनोवरची एक ओढ काही सेकंदांत संपते, तर मद्रासच्या सर्किटवर सहा लॅपची शर्यत म्हणजे बावीस किलोमीटरहून अधिक अंतर जवळजवळ पूर्ण थ्रॉटलवर कापायचे असते. जो दोष पेट्रोल सतत वाहत राहिल्यावरच उद्भवतो, तो काही सेकंदांच्या ओढीत दिसणे शक्यच नव्हते.

कोल्हापूरहून निघताना एक गोष्ट मला दरवर्षी सुखावते. आपल्या गावाबाहेरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ बेळगाव, हुबळी, दावणगिरी, बेंगळुरू आणि वेल्लोर ओलांडून थेट श्रीपेरुंबुदूरला पोहोचतो, आणि इरुंगट्टुकोट्टैचे सर्किट त्याच रस्त्यालगत आहे. टेम्पोत दोन गाड्या बांधल्या की नऊशेहून अधिक किलोमीटर एकाच महामार्गाने जायचे. या सर्किटचे नाव आता मद्रास इंटरनॅशनल सर्किट असले तरी पॅडॉकमध्ये (संघांच्या तळावर) सगळ्यांच्या तोंडी एमएमआरटी, म्हणजे मद्रास मोटर रेस ट्रॅक, हेच आहे. ३.७१७ किलोमीटरची लॅप, १२ वळणे, आणि पहिले वळण इतके वेगाचे की तिथे इंजिनाने कच खाल्ली तर रायडरचा जीव घाबरा होतो. शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवरच्या शर्यती थांबल्यानंतर मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने उभारलेला हा ट्रॅक १९९० पासून वापरात आहे, आणि माझ्या मते खासगी संघाच्या गाडीची खरी परीक्षा याच ट्रॅकवर होते.

शुक्रवारच्या सरावात दोष पाचव्या लॅपला आला. या वेळी मात्र एक्झॉस्टमध्ये हवा-पेट्रोलचे प्रमाण मोजणारा बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर बसवलेला होता आणि त्याची नोंद लॉगरमध्ये (आकडे साठवणाऱ्या उपकरणात) जात होती. (स्वस्तातले निनावी सेन्सर घेऊ नका, माझे दोन सेन्सर महिन्याभरात गेले, हा बॉशचा दुसऱ्या हंगामात आहे.) आकडे पाहून कॉइलचा विषय तिथेच संपला. पहिल्या चार लॅपमध्ये पूर्ण थ्रॉटलवर हवा-पेट्रोलचे प्रमाण (एक भाग पेट्रोलला किती भाग हवा) १३ च्या आसपास होते, आणि पाचव्या लॅपमध्ये सरळ पट्ट्याच्या अखेरीस ते १४.८ पर्यंत चढले होते. म्हणजे ठिणगी व्यवस्थित होती आणि पेट्रोल कमी पडत होते. अशा विरळ मिश्रणावर आणि मद्रासच्या उन्हात इंजिन पूर्ण जोरात चालवणे म्हणजे पिस्टनचा माथा जाळून घेणे, म्हणून त्या संध्याकाळी मी इंजेक्टर बदलला आणि टाकीच्या झाकणाचा हवा आत घेणारा मार्ग साफ केला. सरावानंतर झाकण उघडताना हलकासा फुस्स असा आवाज आला होता आणि टाकीत निर्वात पोकळी तयार होत असावी, असे मला वाटले. तो अंदाज तर्काला धरून होता, तरीही चुकीचा ठरला.

शनिवारच्या शर्यतीत चौथ्या लॅपपर्यंत आपला रायडर पाचव्या स्थानावर होता. पाचवे स्थान म्हणजे काय, हे सांगायला हवे: याच गटात कारखान्यांचे संघ उतरतात, टीव्हीएस रेसिंगसारखा १९८२ पासून शर्यतीत असलेला संघ उतरतो, आणि कारखान्याच्या गॅरेजमध्ये जेवढे अभियंते असतात तेवढी माणसे आमच्या संपूर्ण वर्कशॉपमध्ये नाहीत. मी पिट वॉलवर उभा होतो. पाचव्या लॅपला गाडी समोरून गेली तेव्हा आवाजातला तो खळगा मला ऐकू आला, आणि पुढच्या दोन लॅपमध्ये त्याच्या शेजारून एकामागून एक सहा गाड्या निघून गेल्या. हेल्मेट काढल्यावर तो एवढेच म्हणाला, "काका, मी थ्रॉटल मिटला नव्हता." मला ते ठाऊक होते, लॉगरमध्ये थ्रॉटल शंभर टक्के उघडाच होता.

दुपारी मुलींची शर्यत झाली आणि तिच्याबद्दल थोडे थांबून लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ही मुलगी दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा ट्रॅकवर आली तेव्हा ब्रेक इतक्या लवकर दाबायची की मागचे रायडर चिडत. या वेळी शेवटच्या लॅपमध्ये तिने तिसऱ्या स्थानासाठी जे ब्रेकिंग केले, ते मी दूरच्या कुंपणापाशी उभा राहून पाहिले, आणि तिची गाडी वळणात शिरताना जराही डुलली नाही. फोर्कमधले तेल आणि मागच्या स्प्रॉकेटचे दोन दात कमी करण्याचा निर्णय तिने स्वतः आग्रहाने घ्यायला लावला होता. माझा त्याला विरोध होता, आणि ती बरोबर होती.

तिच्या याच शर्यतीने उत्तराची वाट दाखवली. रात्री पॅडॉकमध्ये दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करून आम्ही सगळे पाहत बसलो. इंजिनाचे कुटुंब एकच, पेट्रोल एकाच कॅनमधले, ऊन तेच, ट्रॅक तोच. एक गाडी सहाही लॅप सुरळीत धावते आणि दुसरी धावत नाही. मी तोवर जुळवलेले इंजिन आणि मूळ इंजिन यांतल्या फरकाकडेच पाहत होतो. आमच्या मेकॅनिकने मात्र विचारले की मुलीच्या टाकीत फोम आहे का. नव्हता. फोम फक्त मुलाच्या टाकीत होता, आणि तोही मीच घातला होता.

त्याचे कारण जुने आहे. गेल्या हंगामात कोइंबतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर, जिथे ट्रॅक आखूड आणि वळणे जवळजवळ आहेत, आम्ही वजन वाचवण्यासाठी टाकीत जेमतेम तीन लिटर पेट्रोल ठेवत होतो. जोराच्या ब्रेकिंगला ते पुढे धावे आणि वळणातून थ्रॉटल उघडताना पंप क्षणभर हवा ओढे. पेट्रोलचे हिंदकळणे थांबावे म्हणून जानेवारीत टाकीत फोमचे तुकडे भरले. तो फोम टाकीसाठीच असल्याचे विक्रेत्याने सांगितले होते आणि मी त्याच्या शब्दावर विसंबलो. विक्रेत्याचे नाव इथे घेत नाही, पण फोम कोणत्या प्रकारचा आहे हे लेखी सांगता न येणाऱ्या माणसाकडून तो घेऊ नये, एवढे ठामपणे म्हणेन.

रात्री साडेदहाला डोक्याला बांधायच्या दिव्याच्या उजेडात पंप बाहेर काढला. पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर मैद्यासारखा बारीक, पिवळट गाळ एकसारखा बसला होता. फोमचा एक तुकडा काढून बोटांत चुरगाळला, तर तो ओल्या ब्रेडसारखा सुटा झाला. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये साधा पॉलियुरेथेन फोम फुगतो आणि हळूहळू विरघळल्यासारखा तुटत जातो. चार महिन्यांत आमच्या टाकीत तेच घडले होते. गाडी उभी असताना हे कण जाळीवरून सुटून खाली बसत, म्हणून दहा मिनिटांच्या विश्रांतीनंतर गाडी बरी झाल्यासारखी वाटे. पूर्ण थ्रॉटलवर पेट्रोल सतत ओढले जाऊ लागले की ते पुन्हा जाळीवर गोळा होत, आणि चौथ्या-पाचव्या लॅपपर्यंत वाट बुजून जाई. चार महिन्यांचे प्रत्येक लक्षण या एका गाळाने उलगडले, आणि तो क्षण मला तिसऱ्या क्रमांकाइतकाच मोलाचा वाटला.

मग पहाटे दोनपर्यंत फोमचा कण न् कण काढला, टाकी चार वेळा धुतली, नवी जाळी बसवली. हिंदकळण्याचा प्रश्न मात्र परत आला होता. त्यावर साधा उपाय केला: तीनऐवजी सहा लिटर पेट्रोल भरले, म्हणजे पंप बुडालेलाच राहील. तीन लिटरचे वजन सव्वादोन किलोच्या आसपास भरते आणि ते मला फार टोचत होते. रविवारी सुरुवात अडखळूनही रायडर सहावा आला, आणि त्याहून मोलाचे म्हणजे त्याच्या पाच उडत्या (सुरुवातीची सोडून उरलेल्या) लॅपच्या वेळांत अर्ध्या सेकंदाहून कमी फरक होता. शेवटच्या लॅपलाही प्रमाण १३ च्याच आसपास होते. घरी आल्यावर बोरस्कोप (नळीच्या टोकाचा बारीक कॅमेरा) घालून पिस्टन पाहिला. प्लग पांढुरका पडला होता, पण माथ्यावर एकही खड्डा नाही.

पुढच्या फेरीसाठी मी पेट्रोलच्या नळीत आणखी एक फिल्टर बसवण्याचे ठरवले होते, पण आता तो बेत सोडला आहे, कारण तो फिल्टर पंपानंतर बसतो आणि आपला अडथळा पंपाच्या आधीच होता. दुसरा विचार खऱ्या, इंधनासाठीच बनवलेल्या जाळीदार फोमचा होता. त्यासाठी तीन ठिकाणचे नमुने आणून काचेच्या बरण्यांमध्ये पंपावरच्या ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमध्ये बुडवून ठेवले आहेत, आणि बरण्यांवर तारखा चिकटवल्या आहेत. जुन्या फोमचाही एक तुकडा तुलनेसाठी चौथ्या बरणीत आहे.

पण हे लिहीत असतानाच वाटते आहे की फोमच कशाला हवा. पंप टाकीच्या तळाशी ज्या गोल भोकातून आत जातो, त्याच भोकातून स्टेनलेस स्टीलचा पातळ, भोके पाडलेला पत्रा गुंडाळी करून आत सरकवता येईल. आत गेल्यावर तो स्वतःच्या ताणाने उघडेल आणि पंपाभोवती कुंपण उभे राहील. पेट्रोल भोकांतून आत येईल, पण ब्रेकिंगला एकदम बाहेर धावणार नाही. टाकीला वेल्डिंग करावे लागणार नाही आणि मग तीन लिटरवर परत जाता येईल. कंपनाने पत्र्याची कड टाकीच्या तळावर घासून धातूचा कीस पडला, तर मात्र मी एक गाळ काढून दुसरा आणल्यासारखे होईल, म्हणून कडेला पेट्रोल सोसणाऱ्या रबराची पट्टी लावावी लागेल. हा उपाय नियमपुस्तिकेच्या कोणत्या कलमात बसतो, ते पत्रा कापण्याआधी स्क्रुटिनीच्या (गाड्या नियमांत बसतात का ते तपासणाऱ्या) अधिकाऱ्यांना लेखी विचारणार आहे. उद्यमनगरात लेझर कटिंग करणाऱ्या मित्राकडे उद्या सकाळी पुठ्ठ्याचा नमुना घेऊन जातो. कोणी असे कुंपण टाकीत बसवले असेल, तर भोकांचा व्यास किती ठेवला, हे मला अवश्य कळवावे. मी सध्या सहा मिलिमीटर धरून चाललो आहे.