टर्नटेबल आणि जायरो: सरासरी जमली, पसारा हटून बसलाय

टर्नटेबलवरच्या जायरोच्या (फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर) वाचनांची, म्हणजे क्वाटर्नियनची (चार आकड्यांत मांडलेली फिरवण) सरासरी एकदाची सुटली! मार्कली आणि मंडळींची २००७ची पद्धत: प्रत्येक क्वाटर्नियनचा स्वतःशीच बाह्यगुणाकार (त्यातून ४×४ मॅट्रिक्स बनतो), सगळ्यांची बेरीज, आणि तिच्या सगळ्यात मोठ्या आयगेनव्हॅल्यूचा आयगेनव्हेक्टर. क्यू आणि उणे क्यू म्हणजे एकच फिरवण, ही जुनी कटकट मुळापासून गेली. कोनासाठीही आर्ककॉसऐवजी एटॅन२ वापरा. अगदी बारीक कोनांवर आर्ककॉस अचूकता खाऊन टाकतो.

पण पसारा, म्हणजे वाचनं सरासरीभोवती किती विखुरली ते! सांख्यिकीच्या ‘आर’ भाषेतल्या ‘रोटेशन्स’ पॅकेजमधून ‘केली’ (Cayley) वितरण बसवलं, तर आकडा छान आणि चित्र साफ चुकीचं. हे मॉडेल धरून चालतं की त्रुटीचा अक्ष कुठल्याही दिशेला सारखाच संभवतो. म्हणून प्रत्येक वाचनाचा सरासरीपासूनचा फरक रोटेशन व्हेक्टरमध्ये (दिशा म्हणजे अक्ष, लांबी म्हणजे कोन) बदलून तिन्ही घटक वेगळे काढले. एक्स-वाय अर्ध्या अंशाच्या आत, झेड (उभा अक्ष) चार अंशांपर्यंत ओघळलेला. चेंडू हवा होता, काकडी निघाली. कारण उघड आहे: झुकाव अ‍ॅक्सलरोमीटर (त्वरण मोजणारा सेन्सर) गुरुत्वाच्या आधारानं सावरतो, उभ्या अक्षाभोवतीच्या ड्रिफ्टला (हळूहळू साचत जाणाऱ्या चुकीला) मात्र कुणी वाली नाही. तिन्ही अक्षांना मिळून एकच ‘कप्पा’ (κ, वाचनं किती एकवटली ते सांगणारा आकडा) बसवला की झेडचं पाप एक्स-वायच्या माथी जातं. त्यात सेकंदाला शंभर वाचनं, म्हणजे शेजारशेजारची वाचनं जवळपास जुळी. साधा बूटस्ट्रॅप (वाचनांतूनच पुन्हापुन्हा नमुने काढून अनिश्चितता मोजायची पद्धत) त्यांना स्वतंत्र समजून कॉन्फिडन्स रीजन, म्हणजे खरी सरासरी जिथे असावी तो पट्टा, भलताच आवळतो. सलग वाचनांचे गठ्ठे उचलणारा ब्लॉक बूटस्ट्रॅप लावल्यावर तो चांगलाच फुगला. फुगलेलाच खरा.

उभ्या अक्षाला आधार म्हणून मॅग्नेटोमीटर (चुंबकीय होकायंत्रासारखा सेन्सर) लावा म्हणाल, तर मोटरचं चुंबक हाताच्या अंतरावर आहे. शिवाय ‘नऊ अक्षी’ (जायरो, त्वरण आणि चुंबक, प्रत्येकी तीन) म्हणून घेतलेलं मॉड्यूल सहाच अक्षी निघालं, मॅग्नेटोमीटरविना. हू-अ‍ॅम-आय रजिस्टर (चिप स्वतःची ओळख जिथे सांगते ते) वाचलं तर हेक्समध्ये ७१ऐवजी ७०, म्हणजे आत नऊ अक्षी एमपीयू-९२५० चिप नाही, सहा अक्षी एमपीयू-६५०० आहे. स्वस्त मॉड्यूल आलं की सोल्डरिंगच्या आधी हे रजिस्टर वाचा.

बेत असा होता की प्रत्येक फेरीआधी आणि नंतर स्टॉपरला टेकवून शून्य घ्यायचं आणि मधला ड्रिफ्ट सरळ रेषेत वाटून टाकायचा. पण लिहितालिहिता वेगळंच सुचलं: टर्नटेबलच आडवं का करू नये? फिरण्याचा अक्ष क्षितिजसमांतर झाला की नेमकी ती फिरवण गुरुत्वाला दिसेल, आणि ड्रिफ्ट ज्या अक्षावर जाईल त्याच्याशी मला देणंघेणंच नाही. वाटणी बाद. अडचण बेअरिंगची: त्यावर आडवा भार आला की तबकडी डुगडुगणार, आणि तो डुगडुगाट एक-एक फेरीच्या तालात येणार. तो फूरिये विश्लेषणानं (सिग्नल तालांनुसार सुटा करून) वेगळा काढता यावा. कुणी अशी आडवी मांडणी केली असेल तर बेअरिंग कुठलं वापरलंत ते सांगा; मी कोनीय संपर्काच्या (अँग्युलर कॉन्टॅक्ट) बेअरिंगची जोडी बसवायच्या विचारात आहे.