आधीच्या रोल नंबरचे गुण

शनिवार, रत्नागिरी

पाऊस सकाळपासून थांबलेला नाही, लाईट येते-जाते आहे. तरी लॅब उघडून घेतली. सेकंड इयरचे सी प्रोग्रामिंगचे गुण सोमवारी लावायचे आहेत आणि ते गुण देणाऱ्या शेल स्क्रिप्टवर, म्हणजे एकामागून एक कमांड चालवणाऱ्या फाइलवर, माझा आता भरवसा उरलेला नाही.

स्क्रिप्ट विभागात वर्षानुवर्षं चालत आलेली. काम सरळ आहे. प्रत्येकाचा प्रोग्राम जीसीसी या कंपाइलरने कंपाइल करायचा, म्हणजे चालवता येईल अशी फाइल बनवायची, ठरलेलं इनपुट द्यायचं, आउटपुट अपेक्षित आउटपुटशी डिफ या फरक दाखवणाऱ्या कमांडने ताडायचं. जुळलं तर पूर्ण गुण, नाहीतर शून्य. असं तपासणं काही आजचं नाही. अमेरिकेतल्या रेन्सेलर पॉलिटेक्निकमध्ये १९६० च्या सुमारास पंचकार्डांवरचे प्रोग्राम यंत्राकडूनच तपासले जात. मला या पद्धतीबद्दल आदर आहे. ती चेहरा बघत नाही, अक्षर बघत नाही.

काल वाटद खंडाळ्याची एक मुलगी आली होती. "मॅडम, घरी बरोबर चालतो हो प्रोग्राम. इथे शून्य कसं काय?" असाइनमेंट आंब्याच्या पेट्यांची होती: एका ओळीत गावाचं नाव, पुढच्या ओळीत पेट्या, शेवटी एकूण बेरीज. आज तिचा प्रोग्राम स्क्रिप्टबाहेर, हाताने चालवून पाहिला. बेरीज बरोबर. पण स्क्रीनवर गावांची नावं तुटलेली, पहिली अक्षरं गिळून त्यांच्या जागी आकडा बसलेला. आउटपुट न दिसणारी चिन्हंही दाखवणाऱ्या ओडी -सी मधून काढल्यावर कळलं, प्रत्येक नावाच्या शेपटाला बॅकस्लॅश-आर चिकटलेला होता. टेस्टची इनपुट फाइल कुठल्यातरी विंडोज मशीनवर सेव्ह झाली होती. विंडोज ओळ संपवताना दोन चिन्हं टाकतं, लिनक्स एकच. ते जादाचं चिन्ह छापलं गेलं की कर्सर ओळीच्या सुरुवातीला जातो आणि पुढचा आकडा नावावर चढतो.

मग बाकीचे पास कसे झाले? त्यांनी वाचायला स्कॅनएफ वापरला होता. त्यातला पर्सेंट-एस एका वेळी एकच शब्द वाचतो. त्याला ते चिन्ह म्हणजे नुसती मोकळी जागा, तो ते सोडून देतो. हिने एफगेट्सने अख्खी ओळ वाचली होती, कारण तिच्या स्वतःच्या गावाचं नाव दोन शब्दांचं. स्कॅनएफने 'वाटद' वाचून 'खंडाळा' मागेच राहिलं असतं. म्हणजे वर्गात ज्या मुलीने सगळ्यात पुढचा विचार केला, तिच्याच पदरात शून्य पडलं. याचा मला फार राग आला. इनपुट टीआर कमांडमधून गाळून ते चिन्ह काढून टाकलं, आणि दोन शब्दांची गावंही टेस्टमध्ये घातली.

एवढ्यावर थांबले असते, पण सेट -एक्स लावून स्क्रिप्ट पुन्हा चालवली, म्हणजे प्रत्येक कमांड डोळ्यांसमोर येते. एका मुलाच्या नावाखाली जीसीसीची एरर दिसली: सेमीकोलन नाही. कंपाइलच झालं नाही. आणि त्याच्याच पुढे पूर्ण गुण!

सगळ्यांचे प्रोग्राम एकाच फोल्डरमध्ये, ए.आउट याच नावाने तयार होत होते. कंपाइल फसलं की जीसीसी नवी फाइल बनवत नाही, जुनी तशीच राहते. स्क्रिप्ट ते न बघता पुढे जाऊन तीच चालवते. म्हणजे त्या मुलाला आधीच्या रोल नंबरचे गुण मिळाले. आधीच्याचा प्रोग्राम चुकीचा असता तर चूकही त्याचीच मिळाली असती.

संध्याकाळपासून डोक्यात हेच आहे. चुकीचं शून्य दाराशी येऊन भांडतं. चुकीच्या पूर्ण गुणांची तक्रार घेऊन कोण येणार? त्या मुलाला तर ठाऊकही नसेल. आपला प्रोग्राम चालतो असं समजून तो पुढच्या सेमिस्टरला जाईल आणि पॉइंटरपाशी, म्हणजे सीमधल्या मेमरीच्या पत्त्यांपाशी, अडकेल, तेव्हा आपल्याला हे येत नाही असं त्याला वाटेल. आधीच्या वर्षांत असे किती जण गेले असतील, ते आता शोधायला काही उरलेलं नाही.

आता प्रत्येकासाठी एमकेटेम्प कमांडने वेगळं तात्पुरतं फोल्डर, आणि जीसीसी यशस्वी झाला तरच पुढे. टाइमआउटही लावला, म्हणजे वेळेची मर्यादा; न थांबणारा अनंत लूप असला तर कोड १२४ येतो. सेगमेंटेशन फॉल्टला, म्हणजे प्रोग्रामने मेमरीत नको तिथे हात घातला तर, १३९. हे आकडे आधी सरसकट शून्यात बुडून जात होते. आता यादीत गुणांशेजारी कारणाचा रकाना आहे: कंपाइल नाही, वेळ संपली, मेमरी चुकली, उत्तर जुळलं नाही.

सेमीकोलनवाल्या मुलाला मघाशी फोन केला. यादीत गुण उतरलेले त्याला नोटीस बोर्डावर कळायला नकोत. थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मॅडम, दुरुस्त करून पाठवला तर चालेल?" चालेल म्हटलं. कंपाइल न झालेल्या सगळ्यांनाच रविवार रात्रीपर्यंत मुदत देते आहे. ग्रुपवर आत्ताच टाकते, लाईट जायच्या आत.