कळसूबाईचा हिशेब

२ नोव्हेंबर

देणगीसाठी डोंगर चढायचं ठरलं की लोक आधी बूट शोधायला निघतात. आधी ठरवायला हवी ती पैशांची वाट. कशासाठी तरी धावून पैसे उभे करणं मुंबईला नवं नाही, जानेवारीतल्या मॅरेथॉनने २००४ पासून ती सवय लावली आहे. पण तिथे देणग्यांचं काम बघायला युनायटेड वे मुंबई ही संस्था असते. कळसूबाईला निघालेल्या दहा-बारा जणांच्या मागे असं कुणी नसतं. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर एवढंच लिहिलं: पैसा कुणाच्याही खासगी खात्यातून फिरणार नाही. ज्या संस्थेसाठी देणगी गोळा करायची, क्यूआर कोड तिचाच, आणि स्कॅन केल्यावर संस्थेचंच नाव दिसलं पाहिजे.

यातही एक मेख आहे. यूपीआयने पैसे जातात, पण देणाऱ्याचा पत्ता आणि पॅन जात नाही. ८०जीचं, म्हणजे देणगीवरच्या करवजावटीचं, प्रमाणपत्र द्यायचं तर संस्थेला ते लागतात. त्यामुळे वेगळा तक्ता हवा: नाव, पत्ता, पॅन, रक्कम, तारीख आणि यूटीआरचे, म्हणजे व्यवहार क्रमांकाचे, बारा आकडे. शिवाय बारा जणांच्या ओळखीतून सगळे ५०१ रुपयेच पाठवतात आणि कुणाचे कुणाकडून आले ते कळत नाही. त्यावर सोपा तोडगा म्हणजे प्रत्येक चढणाऱ्याला एक आकडा देणं. पहिल्याच्या माणसांनी ५०१ किंवा ११०१ द्यायचे, सातव्याच्या माणसांनी ५०७ किंवा ११०७. बँकेचा उतारा आला की शेवटचे दोन आकडे बघून वाटणी होते.

रोख घ्यायची वेळ आली तर दोन हजारांच्या आत. त्यावरच्या रोख देणगीला ८०जीची वजावट मिळत नाही. नवी कररचना निवडलेल्यांना तर ती मुळीच नाही. हे देणाऱ्याला आधी सांगितलेलं बरं, मार्चमध्ये भांडण नको.

९ नोव्हेंबर

‘मीटरला एक रुपया’ असं आवाहन ऐकायला छान वाटतं. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे माणशी १६४६ रुपये. पण ही उंची समुद्रसपाटीपासूनची. पायथ्याचं बारी गाव मुळात आठशे मीटरच्या वर आहे, पायाखाली येणारा चढ सव्वाआठशेच्या आसपास. अर्धी उंची जीप चढते! आकडा १६४६ च ठेवावा, तो लोकांना पाठ असतो, पण पत्रकात ‘शिखराची उंची’ असं स्वच्छ लिहावं. ‘आम्ही चढणार ते मीटर’ लिहू नये. गटात एखादा भूगोलवाला निघतोच.

खर्चाचंही तसंच. समजा माणशी दीड हजार लागले: लोकल, कसाऱ्याहून जीप, गावातला वाटाड्या, पिठलं-भाकरी. बारा जणांचे अठरा हजार होतात. देणगी साठ हजार जमली आणि त्यातून हे अठरा वजा केले, तर देणाऱ्याच्या दर दहा रुपयांतले तीन आपल्या सहलीला गेले. जाण्यायेण्याचा खर्च ज्याने त्याने खिशातून करावा आणि आवाहनाच्या पहिल्या चार ओळींतच तसं लिहावं. ही ओळ नसेल तर विचारणारे विचारतात. न विचारणारे नुसतेच देत नाहीत, ते जास्त वाईट.

१६ नोव्हेंबर

सराव. दारात डोंगर नसला तरी मुंबईत जिने भरपूर आहेत. मजला तीन मीटरचा धरला तर सव्वाआठशे मीटर म्हणजे पावणेतीनशे मजले, साधारण पाच हजार पायऱ्या. बावीस मजली इमारतीत साडेबारा फेऱ्या. एका दिवसात एवढं करायची गरज नाही. पहिल्या आठवड्यात दोनदा साठ-साठ मजले, मग हळूहळू वाढवत तिसऱ्या आठवड्यात एकदा दीडशे. शेवटचा आठवडा हलका.

बहुतेकांची चूक इथे होते: जिन्याने वर, लिफ्टने खाली. पहिले दोन आठवडे ते ठीक. पण कळसूबाईला मांड्या उतरताना जातात. प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन अडवतो, आणि त्याची सवय नसली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लोकलच्या पुलावरून उतरताना कठडा धरावा लागतो. तेव्हा तिसऱ्या आठवड्यापासून उतरणंही पायीच. पाठीवर वजन हवं तर सॅकमध्ये पाण्याच्या पाच बाटल्या घ्याव्यात आणि गच्चीवर पोचल्यावर कुंड्यांत ओताव्यात. चढताना पाच किलो, उतरताना गुडघे मोकळे. बदल हवा असेल तर रविवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीपर्यंत चालत जावं, पण तो सपाटीचा सराव झाला. जिना सोडू नये.

२९ नोव्हेंबर

आज बूट. दोन-तीन वर्षं माळ्यावर पडलेले ट्रेकिंगचे बूट दिसायला नवे असतात आणि पहिल्या शिडीच्या आधीच जबडा उघडतात. सोलमधला फोम मुंबईच्या दमट हवेत आतून कुजतो; वापरले नाहीत म्हणून टिकले असं होत नाही. अंगठ्याने सोलची कड दाबून बघायची: भुगा पडला किंवा चीर दिसली तर ते बूट घरीच ठेवायचे. तरीही गटात दोन मीटर कापडी चिकटपट्टी आणि प्लास्टिकच्या चार केबल टाय असाव्यात. केबल टाय सोलखालून घेऊन बुटाच्या वर आवळली की खालपर्यंत पोचता येतं, फक्त गाठ बाहेरच्या बाजूला ठेवायची.

ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं ओतलं की द्रावण तीव्र होतं, पोट ढवळतं आणि लोक म्हणतात, ऊन लागलं. माणशी तीन लिटर पाणी, त्यातलं एक ओआरएसचं. खायला राजगिऱ्याचे लाडू, खजूर, थेपले. फरसाण नको, तहान वाढते.

६ डिसेंबर

आजचा दिवस मुद्दाम टाळला आहे. महापरिनिर्वाण दिनाला दादर माणसांनी भरलेलं असतं, सॅक घेऊन त्या गर्दीत आडवं येण्यात अर्थ नाही. जायचं पुढच्या शनिवारी रात्री. मध्यरात्रीच्या सुमाराची कसारा लोकल, पहाटे कसारा, तिथून आधी सांगून ठेवलेल्या जीपने इगतपुरी-घोटीवरून बारी. जीप आधी ठरवली नाही तर पहाटेच्या थंडीत स्टेशनबाहेर घासाघीस करावी लागते. परतीचा दिवस रविवार, म्हणजे मेगाब्लॉकचं वेळापत्रक शनिवारी बघायचं, आधी नाही, ते बदलतं.

वाटेवरच्या लोखंडी शिड्यांवर नियम थोडे, पण कडक. काठी सॅकमध्ये, दोन्ही हात रिकामे. उतरताना तोंड शिडीकडे, पाठ दरीकडे. अर्धवट वळून उतरणाऱ्याची टाच पायरीवरून सुटते. फोन खिशात, गळ्यात लोंबता नको. शनिवार-रविवारी शिडीखाली रांग लागते आणि मागचे घाई करतात. त्यांना पुढे जाऊ द्यावं. अत्तर आणि धूर नको, सह्याद्रीत आग्या मोहोळं असतात. १०८ चा नंबर सगळ्यांना माहीत असतो, पण रुग्णवाहिका रस्त्यापर्यंतच येते. त्यामुळे वाटाड्या गावातलाच घ्यावा, आणि पुढे एक, मागे एक असे दोघे अनुभवी ठेवावेत. मागच्याने कुणालाही मागे टाकायचं नाही.

बॅनर कापडी. वर वारा असतो, फ्लेक्स हातातून सुटला की दरीत जातो आणि तिथेच राहतो. शिखरावरच्या देवळासमोर बॅनर धरून उभं राहायचं तर बाजूला, दर्शनाची वाट मोकळी सोडून. वरून थेट प्रक्षेपणाचं कुणाला कबूल करू नये, रेंजचा भरवसा नाही.

१५ डिसेंबर

‘चढलात की देतो’ म्हणणाऱ्यांची यादी आजच काढायची. सोमवारी फोटो ताजा असतो, तेव्हा दोन ओळी आणि क्यूआर पाठवला की बहुतेकांचे पैसे येतात. आठवड्याने आठवण केली तर ‘अरे हो’ येतं, पैसे येत नाहीत. तिसऱ्यांदा विचारू नये, नाव खोडावं. तक्ता संस्थेच्या उताऱ्याशी ओळ न् ओळ जुळवायचा. एखादी ५०७ ची रक्कम सापडते आणि पाठवणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. ती सातव्याच्या खाती लावायची आणि पॅनचा रकाना रिकामा ठेवायचा.