मंजुरीच्या बातमीनंतर

३० नोव्हेंबर २०२३ रोजी संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली संरक्षण खरेदी परिषदेची बैठक झाली आणि २ लाख २३ हजार कोटी रुपयांच्या प्रस्तावांना मान्यता मिळाली. त्यात ९७ तेजस लढाऊ विमाने होती, ‘प्रचंड’ नावाची १५६ हलकी लढाऊ हेलिकॉप्टरे होती. एवढा मोठा आकडा मथळ्यात आला की वाचकाला वाटते, विमाने घेतली. प्रत्यक्षात परिषदेने त्या दिवशी मान्य केली होती ती फक्त गरज. हेलिकॉप्टरांचा करार २८ मार्च २०२५ रोजी झाला, तेजसचा २५ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे जवळजवळ बावीस महिन्यांनी. त्या ६२ हजार ३७० कोटींच्या करारातली विमाने २०२७-२८ पासून सहा वर्षांत मिळायची आहेत.

गरज मान्य झाल्यावर उत्पादकाकडून प्रस्ताव मागवला जातो, तांत्रिक छाननी होते, जरूर असेल तिथे चाचण्या होतात, किमतीची बोलणी चालतात, मोठा व्यवहार मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीपुढे जातो आणि मग कुठे करारावर सह्या होतात. यातल्या कोणत्याही पायरीवर गाडी अडू शकते. १२६ लढाऊ विमानांसाठी २००७ मध्ये निविदा निघाली, सहा कंपन्या स्पर्धेत उतरल्या, २०१२ मध्ये राफेलची निवड झाली, तीन वर्षे बोलणी रखडली आणि २०१५ मध्ये तो सगळा प्रस्तावच मागे घेतला गेला. सप्टेंबर २०१६ मध्ये करार झाला तो ३६ विमानांचा. या काळात ‘हवाई दलाला मिळणार १२६ विमाने’ अशा अर्थाच्या बातम्या कितीतरी वेळा छापून आल्या, मात्र उरलेल्या नव्वद विमानांचे काय झाले, हवाई दलाने ती उणीव कशी भरून काढली, हे विचारणाऱ्या बातम्या त्या मानाने फारच थोड्या होत्या.

मी मराठीत संरक्षणविषयक लिहिते, आणि माझे ठाम मत आहे की आपल्या वार्तांकनाची सर्वांत मोठी उणीव इथे आहे. आपण निर्णय जाहीर होण्याच्या दिवसाचे वार्तांकन करतो, निर्णयाचे करत नाही. याला सरकारची लपवाछपवी हे कारण नेहमीच नसते. मंत्रालयाचे पत्रक शांतपणे वाचले तर ‘आवश्यकतेला मान्यता’ दिल्याचे त्यात बहुधा सुरुवातीलाच म्हटलेले असते. पण पत्रक संध्याकाळी उशिरा येते, जिल्हा आवृत्तीचे पान सोडायची घाई असते, वृत्तसंस्थेची बातमी भाषांतरित होऊन पडते आणि मथळ्याला मोठा आकडा हवा असतो. दुसऱ्या दिवशी त्याची फाइल बंद होते. आकाशात एखादे विमान दिसेपर्यंत, किंवा कोसळेपर्यंत, ती कोणी उघडत नाही.

तेजसचीच कथा पुढे पाहा. आधीच्या ८३ विमानांचा सुमारे ४८ हजार कोटींचा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये बंगळूरच्या एअरो इंडिया प्रदर्शनात झाला. पहिले विमान २०२४ च्या सुरुवातीला मिळायचे होते. त्यासाठी लागणारे अमेरिकी कंपनीचे पहिले इंजिन आले मार्च २०२५ मध्ये. मे २०२५ मध्ये हवाईदलप्रमुख अमरप्रीत सिंग यांनी दिल्लीत उद्योजकांच्या व्यासपीठावरून सांगितले की एकही प्रकल्प वेळेत पूर्ण झाल्याचे त्यांना आठवत नाही. दलाच्या प्रमुखाने जाहीर व्यासपीठावरून असे बोलणे ही असाधारण गोष्ट होती. हे कोणत्या प्रकल्पांबाबत आहे, विलंब इंजिनाचा किती आणि आपला किती, करारात दंडाची तरतूद काय आहे, याची विचारपूस मराठी माध्यमांतून व्हायला हवी होती. कारण १७ ऑक्टोबर २०२५ रोजी याच मालिकेतले नाशिकमध्ये बांधलेले पहिले विमान ओझरच्या धावपट्टीवरून उडाले. त्या दिवशीच्या बातम्या उत्साहाच्या होत्या आणि त्या तशाच असायला हव्या होत्या. ओझरचा हा हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ पासून मिग-२१ बनवण्यासाठी उभा राहिला, परिसरातली माणसे त्याला आजही ‘मिग’ म्हणतात, आणि मिग-२१ चंडीगडमध्ये निवृत्त होऊन त्या दिवशी जेमतेम तीन आठवडे झाले होते. पण मिग गेल्यावर हवाई दलाकडे लढाऊ विमानांच्या ४२ मंजूर तुकड्यांपैकी (स्क्वाड्रनपैकी) २९ उरल्या, आणि ओझरच्या नव्या उत्पादन रेषेची क्षमता वर्षाला आठ विमानांची सांगितली गेली, बंगळूरचे उत्पादन धरून चोवीस. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवले की उत्साहाच्या बातमीतूनच पुढचा प्रश्न निघतो.

असे प्रश्न विचारले की ‘हा राष्ट्रीय सुरक्षेचा विषय आहे’ हे उत्तर ठरलेले असते. ते उत्तर कुठे लागू पडते आणि कुठे पडत नाही, हे मुंबईला कोणी शिकवायला नको. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीपासून ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउसभोवतीच्या कारवाईचे थेट प्रक्षेपण चालू होते आणि हल्लेखोरांना फोनवरून सूचना देणारे पाकिस्तानातले सूत्रधार तेच पाहत होते. २९ ऑगस्ट २०१२ च्या कसाब निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांच्या या वागण्यावर कठोर ताशेरे ओढले, ते योग्यच होते. २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत बदल करून दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणाला बंदी घालण्यात आली, तिलाही माझा पाठिंबा आहे. जवान कोणत्या दाराने आत जात आहेत हे त्या घडीला कोणालाही कळायला नको. पण विमान किती वर्षे उशिरा येते आहे, हे शत्रूला आपल्या आधी ठाऊक असते. ते नागरिकांपासून झाकून कोणाचेही संरक्षण होत नाही. चालू मोहिमेबाबत पाळायचे मौन आपण धोरणाच्या प्रश्नांवरही पाळू लागलो आहोत. हा विषय नेमून दिलेल्या, म्हणजे बीटवरच्या बातमीदाराचा प्रवेश, दौऱ्याचे निमंत्रण, अधिकाऱ्याने उचललेला फोन हे सगळे संबंधांवर चालते, त्यामुळे हे मौन सोयीचेही असते.

न्यायालयाने मात्र ही रेषा बऱ्यापैकी स्पष्ट केलेली आहे. राफेल व्यवहाराची कागदपत्रे ‘द हिंदू’ने २०१९ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा ती सरकारच्या विशेषाधिकाराखाली येतात आणि न्यायालयाने ती पाहूच नयेत, असा आक्षेप सरकारने घेतला. १० एप्रिल २०१९ रोजी तिन्ही न्यायमूर्तींनी तो एकमताने फेटाळला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्यवहाराच्या चौकशीच्या मागणीवरच्या फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या, हेही सांगितले पाहिजे. मुद्दा व्यवहार स्वच्छ होता की नव्हता हा नाही. कागद छापला म्हणून देश धोक्यात येत नाही, एवढे त्या एप्रिलमध्ये ठरले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत संसदेत मांडलेल्या कॅगच्या (महालेखापरीक्षकांच्या) अहवालात विमानांच्या किमती झाकलेल्या होत्या, पण आधीच्या प्रस्तावापेक्षा व्यवहार २.८६ टक्क्यांनी स्वस्त पडल्याचा निष्कर्ष उघड होता. किमती न पाहता तो निष्कर्ष तपासायचा कसा, हा प्रश्न विचारायला कोणत्याही गुप्त सूत्राची गरज नव्हती.

आणि धोरण म्हणजे केवळ विमाने नव्हेत. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ४१ आयुध निर्माणी कारखान्यांचे मंडळ बरखास्त होऊन सात कंपन्या झाल्या. त्यांपैकी दहा कारखाने महाराष्ट्रात आहेत, खडकी आणि देहूरोडपासून भुसावळ, वरणगाव, अंबाझरी, भंडाऱ्यापर्यंत, आणि दारूगोळ्याच्या कंपनीचे मुख्यालय पुण्यात आहे. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या जवाहरनगर कारखान्यात स्फोट होऊन किमान आठ कामगार मृत्युमुखी पडले. स्फोटाची बातमी सगळ्यांनी दिली. कंपनी झाल्यानंतर सुरक्षेच्या तपासणीची व्यवस्था बदलली का, उत्पादनाची उद्दिष्टे किती वाढली, नवी भरती कंत्राटी आहे का, हे संरक्षण धोरणाचे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरे दिल्लीत बसलेल्या बातमीदारापेक्षा भंडाऱ्यातल्या वार्ताहराला लवकर मिळू शकतात. त्याला तेवढा वेळ आणि जागा मिळायला हवी.

दर अर्थसंकल्पी अधिवेशनात संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती अनुदानाच्या मागण्यांवरचे अहवाल मांडते. ते संकेतस्थळावर असतात, हिंदीतही असतात, आणि मंत्रालयाने समितीला दिलेली उत्तरे त्यांत छापलेली असतात. ओझरहून वर्षभरात किती विमाने बाहेर पडली आणि हवाई दलाने त्यांतली किती ताब्यात घेतली, हे तिथे शोधावे, कारखान्यात विचारावे आणि दोन्ही उत्तरे जुळत नसतील तर तसे नाशिक आवृत्तीच्या पहिल्या पानावर छापावे.