मेकअप काउंटरवरची नोकरी: ट्रायलला नेमकं काय बघतात

नवरीचा मेकअप सुरेख करणाऱ्या मुली मेकअप काउंटरच्या ट्रायलला, म्हणजे नोकरीआधीच्या प्रात्यक्षिक चाचणीला, मागे पडतात. हात चांगला असतो, पण सवय वेगळ्या कामाची असते. नवरी दोन-दोन तास निवांत बसते. काउंटरच्या खुर्चीत बसलेल्या बाईच्या मांडीवर पर्स असते, बरोबरचं माणूस बाहेर वाट बघत असतं आणि हातात जेमतेम वीस मिनिटं असतात. उठताना तिला आरशात आपलाच चेहरा दिसायला हवा, आणि तुम्ही जे केलंत ते उद्या सकाळी घरी तिला स्वतःला जमायला हवं. ट्रायल घेणारी मॅनेजर हेच तपासत असते.

पुण्यात ही काउंटर्स मुख्यतः मॉलमध्येच आहेत: विमाननगरचं फिनिक्स, हडपसरचं अमनोरा आणि सीझन्स, सेनापती बापट रस्त्यावरचं पॅव्हिलियन, औंधचं वेस्टएंड, वाकडचं मिलेनियम. ऑनलाइन अर्ज जरूर करा, पण एकदा प्रत्यक्ष जाऊन याच. मंगळवार-बुधवारी, मॉल उघडल्यावर तासाभराने जा. काउंटर मॅनेजर आहेत का विचारा आणि सीव्ही त्यांच्याच हातात द्या. शनिवारी संध्याकाळी गेलात तर गर्दीत सीव्ही ड्रॉवरमध्ये जातो आणि तिथेच राहतो. दिवाळीसाठीच्या माणसांची शोधाशोध गणपतीच्या आधीच सुरू होते, कारण नवीन मुलीला ट्रेनिंग देऊन नवरात्रापर्यंत उभं करायचं असतं. दसरा आला की उशीर झाला समजा.

सर्टिफिकेट असेल तर जोडा. शासकीय आयटीआयचा कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड केलेला असेल तर तोही ठळक लिहा. फोटो मात्र सहा-आठच ठेवा: खिडकीच्या उजेडात काढलेले, फिल्टर न लावलेले, मेकअपच्या आधीचा आणि नंतरचा शेजारी शेजारी. त्यात सावळ्या रंगाचा एक आणि पन्नाशीच्या पुढचा एक चेहरा हवाच. वीस-बावीस वर्षांच्या मैत्रिणींचेच फोटो असले की वयाने मोठ्या त्वचेवर हात चालतो का, हा प्रश्न शिल्लक राहतो.

आता ट्रायल. मॉडेल बहुतेक वेळा तुम्हालाच आणायची असते आणि वेळ साधारण अर्धा-पाऊण तास मिळतो. पहिलं लक्ष जातं ते हातांकडे. खुर्चीत बसलेल्या बाईच्या डोळ्यांदेखत हात सॅनिटाइझ करा. आधी करून आलात तर ते कुणाला दिसलेलं नसतं. ब्रश ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा. ९९ टक्क्यांचं अल्कोहोल जास्त कडक, म्हणून जास्त चांगलं, असं बऱ्याच जणी धरून चालतात. ते फार लवकर उडून जातं आणि जंतू मारायला थोडं पाणीही लागतं, म्हणून ७० टक्केच वापरायचं. ब्रशचं फक्त टोक भिजवा आणि टिशूवर रंग उतरायचा थांबेपर्यंत पुसा. धातूच्या पट्टीत अल्कोहोल शिरलं की आतला गोंद सुटतो आणि केस गळू लागतात. मग दोन मिनिटं सुकू द्या, ओला ब्रश डोळ्याजवळ गेला तर झोंबतो.

टेस्टरची, म्हणजे गिऱ्हाइकांना लावून बघायला ठेवलेली, लिपस्टिक थेट ओठांवर कधीच लावायची नाही. वर अल्कोहोल फवारा, टिशूने वरचा थर पुसा, स्पॅट्युलाने थोडी खरवडून पॅलेटवर घ्या आणि तिथून ब्रशने लावा. काजळाच्या पेन्सिलला आधी टोक करून घ्या. मस्कारा एकदा वापरून फेकायच्या कांडीनेच लावायचा. एकदा डोळ्याला लागलेली कांडी पुन्हा ट्यूबमध्ये बुडवायची नाही, दुसऱ्या डोळ्याला नवी घ्यायची. आणि ब्रशवरची जास्तीची पावडर फुंकर मारून उडवू नका. हात इतका सवयीचा झालेला असतो की आपण फुंकर मारली हेही लक्षात येत नाही, पण समोरचीला ते दिसतं. ब्रश टिशूवर झटका.

सुरुवात करण्याआधी तीन प्रश्न विचारा: कशाची अ‍ॅलर्जी आहे का, लेन्स आहेत का, आज किंवा काल थ्रेडिंग किंवा फेशियल केलंय का. ताज्या थ्रेडिंगवर प्रायमरसुद्धा (फाउंडेशनच्या आधी लावायचा थर) चुरचुरतो, आणि बाई म्हणते तुमच्या प्रॉडक्टनेच आग होतेय.

सगळ्यात जास्त मुली शेड जुळवताना अडकतात. मनगटावर शेड बघू नका, हाताचा रंग चेहऱ्याशी क्वचितच मिळतो. जवळच्या तीन शेड घ्या आणि गालाच्या खालच्या भागापासून जबड्यावरून मानेपर्यंत तीन उभ्या रेघा ओढा. जी रेघ गालावरही दिसेनाशी होते आणि मानेवरही, ती तिची शेड. लगेच निकाल देऊ नका. बरीच फाउंडेशन्स हवा लागल्यावर थोडी गडद होतात, म्हणून पाच ते दहा मिनिटं जाऊ द्या. तेवढ्यात डोळ्यांचं काम करा. मग हातात आरसा देऊन तिला काउंटरच्या पिवळ्या दिव्यांपासून दूर, काचेच्या दाराशी दिवसाच्या उजेडात न्या. आत जुळलेली शेड बाहेर गुलाबी किंवा राखाडी दिसते, ती चूक तिथे कळते आणि तिथेच सुधारता येते.

पुण्यात याला आणखी एक पदर आहे. वर्षानुवर्षं स्कार्फ बांधून दुचाकी चालवणाऱ्या बायकांच्या कपाळावर आणि डोळ्यांभोवती उन्हाची एक पट्टी बसलेली असते. गाल आणि हनुवटी स्कार्फखाली राहिल्याने उजळ, वरचा भाग एक-दोन शेड गडद. कपाळाला जुळवलंत तर खालचा चेहरा मातकट दिसतो. शेड जबडा आणि मान यांनाच जुळवा, आणि कपाळाच्या कडेला अगदी थोडं, एक शेड गडद घेऊन मिसळा. ही पट्टी ट्रायलमध्ये तुम्ही आपणहून ओळखून दाखवलीत की परीक्षकाच्या वहीत हमखास काहीतरी चांगलं लिहिलं जातं.

शेडची नावं पाठ करताना मॅक या ब्रँडचं कोष्टक नीट समजून घ्या. तिथे एनसी म्हणजे पिवळसर झाकेच्या त्वचेसाठी आणि एनडब्ल्यू गुलाबी झाकेसाठी. सी म्हणजे कूल, डब्ल्यू म्हणजे वॉर्म, असं धरलं की अक्षरांवरून नेमका उलटा अंदाज होतो, आणि तोंडी परीक्षेत इथेच घसरायला होतं.

डोळ्यांखालच्या काळेपणाला आधी पीच किंवा नारिंगी करेक्टर लावा, कारण नारिंगी रंग निळसर-करडी छटा मारतो. एका डोळ्याला तांदळाच्या दाण्याएवढा पुरतो. जास्त झाला तर वर लावायच्या कन्सीलरमधून (डाग झाकायच्या क्रीममधून) केशरी डोकावतं, ते झाकायला आणखी कन्सीलर लागतो आणि तासाभरात सुरकुत्यांत भेगा पडतात. फाउंडेशन एक पंप घ्या, चेहऱ्याच्या मध्यापासून बाहेर पसरवा आणि जिथे गरज आहे तिथेच दुसरा थर द्या.

“थोडं गोरं दिसेल असं द्या ना” हे वाक्य ऐकू येणारच, ट्रायलमध्येही परीक्षक मुद्दाम टाकते. उजळ शेड विकून टाकू नका. गव्हाळ-सावळ्या त्वचेवर फिक्या फाउंडेशनमधला पांढरा रंगद्रव्याचा थर राखेसारखा बसतो, आणि ती बाई घरी उजेडात बघून पुन्हा तुमच्या काउंटरवर पाऊल ठेवत नाही. अर्ध्या चेहऱ्यावर तिची खरी शेड लावा आणि म्हणा, “मॅडम, मानेशी बघा कशी मिळतेय. चेहरा उजळलाय, पण मेकअप केलाय असं वाटत नाही.” पुण्यातल्या काकूंना ‘केल्यासारखं वाटत नाही’ हे शब्द मनापासून पटतात, आणि ते खरंही असतं. तिच्या त्वचेच्या रंगाला कमी लेखून झालेली विक्री ही वाईट विक्री आहे, मग टार्गेट कितीही असो.

अर्धा चेहरा तुम्ही करा आणि दुसऱ्या अर्ध्यासाठी ब्रश तिच्या हातात द्या. तिला जमलं की ती विकत घेते, कारण घरी गेल्यावर काय करायचं याची भीती उरत नाही. शेवटी वापरलेल्या सगळ्या वस्तूंची नावं आणि शेड एका चिठ्ठीवर लिहा, त्यातल्या तीन समोर ठेवा आणि विचारा, “यातलं रोज काय वापराल?” “अजून काही हवंय का?” असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: नको.

निवड झाल्यावर पगाराच्या आकड्याआधी विचारायच्या गोष्टी आहेत. पगार कोण देणार: ब्रँड, स्टोअर की एजन्सी? एकाच काउंटरवर शेजारी उभ्या दोघींचे मालक वेगवेगळे असू शकतात. इन्सेंटिव्ह तुमच्या विक्रीवर की सगळ्या काउंटरच्या टार्गेटवर? पीएफ कापतात का? महिन्याचं वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल तर साधारणपणे ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) लागू होतं आणि तुमच्याकडून ०.७५ टक्के जातात. पगाराच्या पावतीवर ते दिसलं पाहिजे. हरवलेल्या किंवा फुटलेल्या मालाचे पैसे पगारातून कापणार का, हे लेखी घ्या. सुट्टी आठवड्याच्या मधल्या दिवशी मिळते, शनिवार-रविवार विसरा.

रात्रीच्या पाळीबद्दलही आधीच बोला. मॉल बंद झाला तरी टेस्टर पुसणं आणि मालाची मोजणी बाकी असते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर स्त्री कर्मचाऱ्याला तिच्या संमतीशिवाय कामाला ठेवता येत नाही. संमती देणार असाल तर परतीचा प्रवास कसा होणार ते त्याच बैठकीत ठरवा. फिनिक्समधून निघालात तर रामवाडी मेट्रोपर्यंत रिक्षा लागते, आणि दिवसभर उभ्या पायांनी ते अंतर चालवत नाही.