जास्वंदीवरचं पीठ

थंडी ओसरली, ऊन तापू लागलं की जास्वंदीचे शेंडे आखडायला लागतात. पानं मुडपतात, कळ्या उमलायच्या आधीच गळतात आणि पानांच्या बेचक्यांत कापसाचे बारीक पुंजके दिसू लागतात. लोक म्हणतात बुरशी आली, आणि बुरशीनाशक आणून मारतात. त्यानं काही होत नाही, कारण तो असतो पिठ्या ढेकूण. त्या पांढऱ्या पिठाखाली मऊ, गुलाबीसर किडा रस शोषत बसलेला असतो. काळी बुरशी येते ती नंतर, त्यानं टाकलेल्या चिकट गोड स्रावावर.

या गोड स्रावासाठीच मुंग्या येतात, आणि खरी लढाई इथे आहे असं माझं मत. मुंग्या या किडीची राखण करतात, तिला खायला येणाऱ्या मित्रकीटकांना हुसकावून लावतात. म्हणून फवारा हातात घेण्याआधी मुंग्यांची वाट शोधावी. ती बहुधा ग्रिलला टेकलेल्या फांदीवरून किंवा शेजारच्या कुंडीवरून असते. फांदी छाटा, कुंडी भिंतीपासून चार बोटं सरकवा आणि कुंडीच्या बाहेरून बोटभर रुंदीचा व्हॅसलीनचा पट्टा ओढा. पट्टा कुंडीवरच, खोडावर नाही. खोडाची साल त्यानं खराब होते. त्यावर धूळ बसली की मुंग्या सरळ चालत जातात, तेव्हा आठवड्याला पुसून नवा लावायचा. कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवण्याची युक्ती सांगणारे पुष्कळ भेटतात. मुंग्या थांबतात खऱ्या, पण डास होतात.

मग छाटणी. आखडलेले शेंडे दोन-तीन पेरं खालून कापून थेट पिशवीत टाकावेत आणि पिशवीचं तोंड बांधून कचऱ्यात. घरच्या खताच्या डब्यात टाकले की कीड पुन्हा बागेत. उरलेल्या झाडावर पाण्याची जोरदार धार मारा, विशेषतः पानांच्या खालून. निम्मी कीड इथेच पडते.

फवारणीचं प्रमाण सोपं आहे: एक लिटर पाण्याला 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि 2 मिली भांडी घासायचं लिक्विड. चूक होते ती मिसळण्यात. तेल थेट पाण्यात ओतलं तर वर तरंगतं, फवाऱ्यातून आधी नुसतं पाणी आणि शेवटी नुसतं तेल येतं, आणि ते तेल उन्हात पान भाजतं. आधी वाटीत तेल आणि लिक्विड घोटावं, मग कोमट पाणी चमचा-चमचा घालत जावं. दुधासारखं पांढरट झालं की बाकीच्या पाण्यात ओतायचं. कपड्याची पावडर वापरू नये, ती पानांना फार तिखट पडते. आधी एकाच फांदीवर मारून दोन दिवस बघावं. वेळ संध्याकाळची. केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही.

एकदा मारून भागत नाही. एकेका पुंजक्यात शेकड्यांनी अंडी असतात आणि मेणचट कापसामुळे द्रावण आत पोचत नाही. आठवडाभरात पिल्लं बाहेर येतात, त्यांच्या अंगावर अजून पीठ नसतं. मारायची ती तेव्हाच. म्हणून सहा-सात दिवसांच्या अंतरानं तीन फवारण्या. पहिलीनंतर झाड स्वच्छ दिसतं आणि लोक थांबतात, तिथेच फसतात.

फवारण्याआधी मात्र भिंग असेल तर भिंगातून बघा. पिठ्या ढेकणांच्या गर्दीत एखादा दुप्पट-तिप्पट मोठा, अंगभर पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्या सोडलेला जीव दिसेल. काडीनं डिवचला की तो लगबगीनं पळतो; पिठ्या ढेकूण जेमतेम हलतो. ही क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची अळी. पिठ्या ढेकूण खाणारा हा ढालकिडा 1898 साली ऑस्ट्रेलियातून मुद्दाम भारतात आणला गेला. मोठा झाल्यावर तो काळपट, डोकं नारिंगी. अळीपणी मात्र भक्ष्यासारखाच दिसतो, त्यामुळे सगळ्यात मोठा ढेकूण म्हणून पहिला चिरडला जातो तोच. तो दिसला तर त्या फांदीला फवारा लावू नका, फक्त मुंग्या अडवा.

युरिया बंद करा हे सांगायला हवंच. नत्र जास्त झालं की कोवळी, रसरशीत फूट येते, आणि किडीला तीच हवी असते.

इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध कुंडीत ओतायचा सल्ला हमखास मिळतो. काम करतं, नाकारण्यात अर्थ नाही. पण ते रसातून फुलातल्या मधापर्यंत जातं, आणि त्या फुलावर शिंजीर येतात, मधमाश्या येतात. तीच फुलं कुणी केसांच्या तेलात उकळतं. इतकं हाताबाहेर गेलं असेल तर झाड वीतभर ठेवून सरळ कापावं. जास्वंद चिवट आहे, नियमित पाणी मिळालं तर पुन्हा फुटते. फुलं यायला दोन-तीन महिने लागतील. तोवर गणपतीला दूर्वा आहेतच.