आमची वाटचाल : कोटेशनमधली शिडीची ओळ

इंदूरमध्ये पूर्वी वायरमनला बोलावले की तो पक्कड, टेस्टर आणि चिकटपट्टीचे रीळ घेऊन येत असे आणि दारातूनच विचारत असे, "शिडी आहे ना घरात?" शिडी गिऱ्हाइकाने द्यायची, असा रिवाजच होता. मग शेजारच्या रंगाऱ्याची, नाहीतर मंडपवाल्याची, जी हाती लागेल ती शिडी आणली जाई आणि ती किती जुनी, कुठे तडकलेली, याची चौकशी कोणी करत नसे. आमचा दिव्यांच्या फिटिंगचा धंदा या रिवाजाच्या विरोधात उभा राहिला असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही.

माझे वडील शहरातील एका कापड गिरणीत वायरमन होते. १९९१ साली हुकुमचंद मिल बंद पडली, पुढे इतर गिरण्यांचीही तीच गत झाली, तेव्हा त्यांनी महाराणी रोडवरून माल उचलून दिव्यांच्या फिटिंगची कामे घेण्यास सुरुवात केली. ड्रिल मशीन घेण्याच्या आधी त्यांनी सागवानी शिडी घेतली. गिरणीत शिडीवर एक माणूस चढला की दुसरा खाली उभा असे, ती शिस्त त्यांनी बाहेरही सोडली नाही. त्या शिडीला त्यांनी कधी रंग लावू दिला नाही, कारण रंगाखाली लाकडाची चीर झाकली जाते. वर्षातून एकदा अळशीचे तेल, एवढेच. कामाला निघताना ते प्रत्येक पायरीवरून अंगठा फिरवीत.

धंदा माझ्याकडे आला तोवर बाजारात ॲल्युमिनियमच्या शिड्या आल्या होत्या. हलक्या, स्वस्त, स्कूटरवरही नेता येतील अशा. रंगकामाला त्या चालतील, पण विजेच्या कामाला मी त्या घेतल्या नाहीत, कारण उघड्या फेजला, म्हणजे वीज असलेल्या तारेला, हात लागला आणि शिडी धातूची असली तर प्रवाहाला जमिनीपर्यंत आयती वाट मिळते. आम्ही फायबरच्या शिड्या घेतल्या. त्या जड असतात, महाग असतात, आणि ओल्या किंवा मळलेल्या असतील तर त्यांच्यावरही भरवसा ठेवता येत नाही, म्हणून पुसून ठेवाव्या लागतात.

टेकवून लावायच्या शिडीसाठी आमचा नियम चारास एक असा आहे : टेकणबिंदू जमिनीपासून ४ मीटर उंच असेल तर पाया भिंतीपासून १ मीटर दूर. गच्चीवर चढायचे असेल तर शिडीचे टोक कडेच्या वर सुमारे १ मीटर यायला हवे. भारतीय मानक आयएस ३६९६ चा दुसरा भाग केवळ शिड्यांविषयी आहे, आणि पीथमपूरच्या कारखान्यांत कामे मिळू लागली तेव्हा तेथील सुरक्षा अधिकाऱ्यांनी आमच्या शिड्या तपासून मगच आत सोडल्या. घरच्या गिऱ्हाइकाची चिंता मात्र वेगळी असते. गुळगुळीत टाइलवर ओरखडा पडू नये म्हणून ते प्रेमाने पोते किंवा सतरंजी आणून देतात आणि शिडी त्यावर ठेवा म्हणतात. कापडावर ठेवलेली शिडी कापडासकट सरकते. आम्ही सतरंजी परत करतो आणि शिडीचे रबरी बूट त्यांच्यासमोर पुसून दाखवतो.

छताच्या मध्यभागी काम असेल तर घोडी, म्हणजे भिंतीच्या आधाराशिवाय उभी राहणारी दुहेरी शिडी, लागते. ती पूर्ण उघडून तिचे आडवे पट्टे पक्के बसवायचे; मिटलेली घोडी भिंतीला टेकवून चढायचे नाही आणि सर्वांत वरच्या पायरीवर उभे राहायचे नाही. ड्रिल चालवताना घोडीचे तोंड कामाकडे हवे, कारण बाजूला तोंड करून भिंतीत भोक पाडताना आपण दिलेला जोर उलटून घोडीलाच आडवे ढकलतो. चार फुटी ट्यूबच्या फिटिंगला आम्ही दोन माणसे आणि दोन घोड्या लावतो. फिटिंग हातात धरून कोणी चढत नाही. ते नंतर दोरीने वर ओढले जाते, म्हणजे चढताना दोन्ही हात मोकळे राहतात.

विजेबाबत सर्वाधिक सावध राहावे लागते ते रामबागेसारख्या जुन्या वस्तीत. कित्येक जुन्या घरांत बटण फेजऐवजी न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर, जोडलेले आढळते, त्यामुळे दिवा बंद असला तरी होल्डरमध्ये फेज जिवंत असतो. मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टरची लाइन चालूच राहते, हे तर घरमालकाच्याही ध्यानात नसते. म्हणून मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करायचे, टेस्टर आधी चालू पॉइंटवर तपासलेला असावा, आणि मगच तार हाताळायची. शिडीवरच्या माणसाला बसलेला लहानसा झटकाही त्याला खाली पाडायला पुरतो, आणि मोडतोड झटक्यापेक्षा त्या पडण्यानेच होते.

देवास नाक्याकडील गोदामांत पंचवीस-तीस फुटांवर हायबे, म्हणजे उंच छतासाठीचे, दिवे लावायचे असतात. तेथे शिडी हे साधनच नव्हे. चाकांचे स्कॅफोल्डिंग किंवा भाड्याची लिफ्ट आणावी लागते, चाकांना ब्रेक लावावे लागतात आणि स्कॅफोल्डिंग सरकवताना वरच्या माणसाला खाली उतरवावे लागते. याचा खर्च आम्ही कोटेशनमध्ये "उंचीवरील कामाची साधने" अशी वेगळी ओळ टाकून दाखवतो. पुष्कळ गिऱ्हाइके नेमकी तीच ओळ खोडतात. एका मॅरेज गार्डनच्या मालकांनी तर टेम्पोच्या हौद्यात घोडी उभी करून काम उरकण्याचा आग्रह धरला. आम्ही नमस्कार करून परतलो आणि ते काम दुसऱ्याने केले. अशी कामे हातची जातात, त्याचे वाईटही वाटते, पण ती ओळ आम्ही काढून टाकत नाही.

आज आमच्या प्रत्येक शिडीवर क्रमांक आहे आणि दर महिन्याला तपासणीची नोंद होते. नवा हेल्पर आला की पहिले काही आठवडे तो फक्त खाली उभा राहून शिडी धरतो, साहित्य वर देतो आणि खालून येणारे-जाणारे थोपवतो. मुलांना हे काम कंटाळवाणे वाटते. तडा गेलेली शिडी आम्ही दुरुस्त करत नाही आणि भंगारात अखंड देतही नाही, कारण ती तेथून पुन्हा एखाद्याच्या कामावर पोचते. तिचे करवतीने दोन तुकडे करूनच ती भंगारवाल्याच्या ताब्यात दिली जाते.